डाव्या हाताचा रंग

पुरुषमाणसाची रंगवलेली नखं मी आयुष्यात एकाच माणसाच्या हातावर पाहिली, आणि ती दहाच्या दहा वेगळ्या रंगांची होती. ते आमचे बांगडीवाले. बेलापूरहून सायकलवर यायचे. कॅरियरला पत्र्याची मोठी पेटी, पेटीत बांगड्या, फण्या, रिबिनी, काळी पोत, आणि सगळ्यात खाली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या नखांच्या रंगाच्या बाटल्या. त्यांना नाव असणारच, पण ते आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आमच्या शेजारची म्हातारी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठी असेल, तीही चाचाच म्हणायची, आणि तेही तिला ‘बोल पोरी’ म्हणायचे.

आमचं गाव कोपरखैरण्याकडचं, खाडीला लागून. भात, मीठ आणि मासळी, यापलीकडे गावाला काही ठाऊक नव्हतं. साठ सालानंतर ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकेक कारखाना उभा राहायला लागला. गावातले तरुण कंपनीत जायला लागले, हातात घड्याळ आलं, पायात बूट आले, आणि बायकांच्या मनात नखं रंगवायची हौस आली. ही हौस पुरवायला चाचांशिवाय दुसरं कोणी नव्हतं. पण चाचांकडून नखांचा रंग मिळवणं हे सोसायटीचं कर्ज मंजूर करून घेण्यापेक्षा अवघड होतं.

त्यांची पद्धत अशी. मुंबईच्या बाजारातून नवी बाटली आणली की तिची परीक्षा सुरू. आधी वास. पिकल्या केळ्यासारखा वास आला तर ती बाटली परीक्षेला बसायला लायक. गाड्यांच्या गॅरेजसारखा वास आला तर तिथंच बूच लावून परत. मग तो रंग डाव्या हाताच्या एका नखाला लावायचा आणि सहा दिवस तसाच वागवायचा. त्या हातानं पाणी ओढायचं, सायकल पुसायची, चुलीत लाकूड सारायचं, चिंचेच्या पाण्यात बोट बुडवायचं. रंग सुटून कपचे पडतात का, कडेला खाज सुटते का, नि शेवटी खरवडल्यावर खालचं नख पिवळं पडलंय का, हे सगळं बघायचं. सहा दिवसांत काही वाकडं झालं नाही तर त्या रंगाला बढती मिळून तो उजव्या हातावर जायचा. आणखी सहा दिवस चाचा त्या हातानं भातकालवण जेवायचे. त्यानंतर मग ती बाटली पेटीतून बाहेर यायची.

सहाच दिवस का, तर सातवा शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी ते ब्लेडच्या मागच्या बाजूनं दहाही नखं खरवडून साफ करायचे, कारण नमाजाआधी हात धुताना रंगाखाली पाणी पोचत नाही आणि तसल्या हातानं मशिदीत जाता येत नाही. शनिवारी पुन्हा दहा रंग. एकदा माझ्या वडिलांनी, जे त्यांच्याशी गप्पा मारायला बसत, सहज विचारलं, “चाचा, मंग बाकीचे दिवसाचे नमाजाचं काय?”

“तो हिशोब माजा नि वरच्याचा,” चाचा म्हणाले. “तो मना विचारील, दहा नखं कशाला रंगवलीस? मी सांगेन, तू पोरींना हौस दिलीस, अक्कल द्यायला इसरलास, म्हनून.”

हे ऐकून आमची आई पदरात तोंड लपवून हसली आणि वडिलांनी विषय बदलला.

सुरुवातीला पोरं त्यांच्या मागे धावायची. “चाचा, आज अंगठा कंचे रंगाचा?” चाचा थांबून, सायकल स्टँडवर लावून, अंगठा वर करून दाखवायचे आणि पुढे निघायचे. चिडवलेलं ज्याला लागतच नाही त्याला चिडवण्यात मजा नसते, त्यामुळे पोरांनी लवकरच नाद सोडला. मोठी माणसं मात्र पाठीमागे बोलायची. शाळेतले गुरुजी एकदा म्हणाले होते की या माणसाला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. तेच गुरुजी दोन महिन्यांनी बायकोसाठी रंग मागायला आले आणि चाचांनी त्यांना हात हलवत परत पाठवलं, कारण बायको सोबत नव्हती. हात बघितल्याशिवाय रंग नाही, हा त्यांचा नियम होता.

बांगडीवाल्याला सगळ्या बायकांचे हात पाठ असतात. कोणाचा पंजा रुंद, कोणाचं हाड आडवं, कोणाचा अंगठा दुमडत नाही, हे नवऱ्यांना माहीत नसतं ते त्याला माहीत असतं. पण चाचांचं त्याच्यापुढे होतं. ते हात उलटा करून नखांकडे बघायचे आणि विचारायचे, “हे हात दिवसभर काय करतात?”

मिठागरावर जाणारीला ते रंगच देत नसत. खारट पाण्यानं तिची बोटं फाटलेली असायची आणि त्या भेगांत रंगाचं पाणी गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. “आदी म्हयनाभर घरी बस, मंग ये,” ते म्हणायचे. मासळी साफ करणारीला एकच पातळ थर. भाकऱ्या थापणारीला, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच, फक्त डावा हात. उजवा हात जेवायचा. आपण काही साहेब नाही, आपण कालवणात चार बोटं बुडवून जेवतो, मग नखावरचं निघालेलं कुठं जाणार, असा त्यांचा सवाल असायचा. रंग ठिणगीनं पेट घेतो म्हणून चुलीपाशी बसून तो लावायचा नाही, ओटीवर वाऱ्याला बसूनच लावायचा, हाही हुकूम होता. एकदा कोणीतरी चुलीजवळ बाटली उघडलेली त्यांना दिसली, तर हातातली बांगड्यांची लड खाली ठेवून ते आधी बाटलीकडे धावले.

याचा परिणाम असा झाला की आमच्या गावच्या बायकांचा डावा हात रंगलेला आणि उजवा कोरा, हीच आमची ओळख झाली. तुर्भ्याच्या जत्रेत गेलं की दुसऱ्या गावच्या बायका लांबून म्हणायच्या, “ती बघ, चाचाचे गावची आयली.” आम्हाला आधी लाज वाटायची. नंतर त्याचाच तोरा वाटायला लागला. एखादी दोन्ही हात रंगवून दिसली की आम्हीच नाकं मुरडायचो.

आमच्या आळीतली एक तरणी सून होती, दिसायला देखणी आणि तोंडानं तिखट. तिला गुलाबी रंग हवा होता. चाचांनी हात बघितला आणि विचारलं, “पोर किती म्हयन्याचा?”

“सात. पोराला नाय लावायचा, मना लावायचाय.”

“तुजी बोटं चोखतो?”

“चोखतो. दात येतान ना त्याला.”

“मंग लावशील तू नि खाईल तो. सगले दात येऊ दे, मंग ये.”

ती अशी भडकली की काही विचारू नका. चाचाची पेटी खाडीत फेकायची भाषा केली, महिनाभर त्यांच्या अंगावरून जाताना मान फिरवायची. चाचा दर फेरीला तिच्या दारात थांबून फक्त विचारायचे, “किती आले?” आतून उत्तर येत नसे. पुढे एक दिवस ती पोराला कडेवर घेऊन आली, त्याचा ओठ बोटानं वर केला आणि म्हणाली, “मोज.” चाचांनी खरंच मोजले. मग पेटीच्या तळातून एक बाटली काढली. तोच गुलाबी. इतके महिने त्यांनी तो तिच्यासाठी बाजूला ठेवला होता आणि दर महिन्याला बाटली हलवून बघत होते की घट्ट तर झाला नाही.  तिनं घरातून पायलीभर तांदूळ आणि सुकटीची पुडी आणून त्यांच्या पिशवीत ओतली आणि आत गेली.

हे सगळं त्यांना कुठून सुचलं, हे मी तीनदा विचारलं आणि मला तीन उत्तरं मिळाली. पहिल्यांदा म्हणाले, बायको असले रंग हाताला लावून घेत नाही, म्हणून स्वतःच लावतो. दुसऱ्यांदा म्हणाले, पनवेलच्या बाजारात एकीला बाटली विकली होती, ती पंधरा दिवसांनी बोटाला चिंधी बांधून आली आणि भांडली सुद्धा नाही. तिसऱ्यांदा बराच वेळ बांगड्या पुसत राहिले आणि म्हणाले, “बांगडी फुटली तर दिसते, बाय. नखातून आत जातं ते दिसत नाय.” यातलं खरं कुठलं, मला माहीत नाही. मला तिन्ही खरी वाटतात.

आता बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यात हे नाही नि ते नाही. तेव्हाच्या बाटलीवर एका गोऱ्या बाईचं चित्र असायचं, एवढाच काय तो भरवसा. चाचांचं शास्त्र डॉक्टरच्या कसोटीला किती उतरलं असतं, हे मला सांगता येणार नाही. पण माझ्या लग्नात त्यांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यासाठीच तर हे लिहायला बसले.

माझं लग्न सानपाड्याला ठरलं. आता तिथं स्टेशन आहे, तेव्हा बांधावरून पायी जायचं नाहीतर रस्त्यानं सायकल. नवरा रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता. आमच्या दोघांची भेट साखरपुड्यात झाली तेवढीच, तीही मान खाली घालून. पण लग्नाच्या आठ दिवस आधी त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूनं, साडीसोबत एक लहान बाटली पाठवली. लाल रंग. असा लाल मी पाहिलाच नव्हता. निरोप असा, की मुलानं खास सुनेसाठी दिलाय, दोन्ही हातांना लावायचा, आमच्याकडे अर्ध्या हातांची रीत नाही.

त्या बाटलीचं मला काय झालं होतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही. उशाशी घेऊन झोपायची मी. पहिल्या दिवशी एक थर लावला, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा, का तर पुन्हा बाटली उघडायला मिळावी. वास गॅरेजसारखा आहे हे मला कळत होतं. चाचांच्या हाताखाली शिकलेलं नाक होतं माझं. पण ज्यानं दिली होती त्याचं नाव अजून तोंडानं घेतलं नव्हतं, आणि त्याच्या बाटलीला नावं कुठं ठेवू? चौथ्या दिवशी नखांच्या कडा लाल झाल्या. सहाव्या दिवशी कातडी सुटली. मी हात पदराखाली ठेवायला लागले आणि आईला सांगितलं की मिरच्या कुटल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चुडा भरायला चाचा आले. ओटीवर बायकांची दाटी. सासू स्वतः आली होती, दोन जावांना घेऊन, कारण चुडा कसा भरतात यावरून माणसं कशी आहेत ते कळतं, असं तिचं मत. मी पाटावर बसले. आमच्याकडे रीत अशी की चुड्याला बसलेली नवरी दोन्ही हात भरेपर्यंत पाटावरून उठत नाही. उठली तर संसार अर्धा राहतो म्हणतात.

चाचांनी माझा डावा हात घेतला. मूठ उघडली. बघितलं, आणि बांगड्यांची लड उचलली. सासू समोर बसली आहे हे त्यांनाही दिसत होतं. बोटं हळूहळू दाबत त्यांनी एकेक हिरवी बांगडी चढवली, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन. मग उजवा हात घेतला. तोही लाल. तो त्यांनी नाकापाशी नेला.

“बाटली आन,” ते आईला म्हणाले.

आईनं बाटली आणली. त्यांनी ती उघडून एक थेंब आपल्या पेटीच्या पत्र्यावर टाकला. बघता बघता तो वाळला. नखानं खरवडला तर निघेना.

“बाटली नखांची हाय,” चाचा म्हणाले. “आतला रंग पत्र्याचा हाय. ट्रकला मारतात तो.”

 सासूचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. त्या क्षणी मला सासूचा राग नाही आला. चाचांचा आला. चार दिवस बोटं जळत होती, अजून दोन दिवस जळली असती तर काय बिघडलं असतं?

“रंगाचं तुमाला जास्ती कलतं का माजे पोराला?” सासू म्हणाली. “इकत नाय घेतलेला. रिकामी बाटली धुवून त्यानं सोताचे हातानं भरलाय. रंगाचे पिंपावर काम करतो तो, दोन वर्सं.”

म्हणजे अशी गंमत झाली होती. त्याला वाटलं, तोच वास, तीच चमक, तसाच झटपट वाळतो, मग नखांचा रंग तो काय वेगळा असणार? आपण रोज पिंपं भरतो, त्यातली बोटभर नवरीला. साऱ्या जन्मात मला कोणी दिलेली ती पहिली भेट होती आणि ती ट्रकच्या पत्र्याची निघाली.

चाचांनी मात्र रंगाचा विषय सोडूनच दिला. “पिंपावर हाय?” त्यांनी विचारलं. “सुटी झाल्यावर हात कशानं धुतो?”

“थिनरनं. सगलेच धुतान.”

“नि डबा खातो तवा?”

“तवाही त्यानंच. दुसरा कशानं निघनार?”

चाचांनी माझा उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. पेटी आहे तिथं सोडली, “आलोच,” म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून सानपाड्याच्या दिशेनं निघून गेले.

मग जो गलका झाला तो विचारू नका. नवरीचा एक हात भरलेला, एक कोरा, आणि बांगडीवाला पळाला. असं कोणी ऐकलंय का? माझी आई रडायला लागली. सासू उठली, पदर खोचला आणि जावांना म्हणाली, “चला. अर्धे हातांची सून मना नको.”

“इनबाय, थोडं थांबा,” आई म्हणाली. “तो फसवनारा मानूस नाय.”

सासू दारापर्यंत गेली. काय वाटलं कोण जाणे, परत फिरली आणि चाचांच्या पेटीवर बसली. “तो येल तवाच उठेन मी,” म्हणाली. “त्याला चार गोष्टी आयकवल्याबिगर जात नाय.”

तर अशा आम्ही दोघी बसलो, मी पाटावर, ती पेटीवर, समोरासमोर. जावा जेवून आल्या, आमच्या बायका घरकामाला गेल्या, तरी आम्ही बसलेल्या. तासभर ती माझ्याकडे बघतही नव्हती. मग एकदम म्हणाली, “दाखव हात.”

मी दाखवला. तिनं तो जवळ ओढून नीट पाहिला.

“आग व्हते?”

“व्हते.”

“मंग काढला का नाय?”

“तुमी दिलेला,” मी म्हणाले. “त्यांनी भरलेला.”

तिनं आईकडून वाटीभर गार पाणी मागवलं आणि माझी बोटं स्वतः त्यात बुडवून धरली. पुष्कळ वेळानं, माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “त्याचे बी असेच हान. सोललेले. मना वाटला कामाचे हात असेच असतान.” माझा हात तिनं सोडला नाही. त्या दुपारी मला सासू मिळाली, असं मी आजही मानते. पुढे आमची भांडणं काय कमी झाली नाहीत, पण पाया तो होता.

दिवेलागणीच्या आधी चाचा आले. घामानं निथळत होते. पेटीवर सासू बघून म्हणाले, “वैनी, उठता का? चुडा राहिलाय.”

चार गोष्टी ऐकवायला बसलेली बाई उठली आणि एवढंच विचारलं, “त्याचे हात?”

“उद्यापरेंत बरे नाय व्हनार. पन व्हतील. थिनर सोडला पायजे, ते मी त्याच्याकडून वदवून घेतलाय.”

मग ते माझ्यासमोर बसले. आपल्या पेटीतली एक बाटली काढली, तिच्यातला रंग माझ्या लाल नखाच्या मधोमध लावला, कडेच्या सोललेल्या कातडीला लागू न देता, आणि ओला असतानाच चिंधीनं पुसून घेतला. नव्या रंगानं जुना भिजवला, दोन्ही एकदम निघाले. एकेक नख तसं साफ करत गेले. दहा नखांना त्यांची अख्खी बाटली संपली. नंतर उजवा चुडा भरला. कोणत्याच हाताला रंग लावला नाही. कातडी भरून येईपर्यंत काही लावायचं नाही, असं सासूलाच बजावलं. ती म्हणाली, “मी बघतंय त्याचं,” आणि मग, जरा वेळानं, आपलाही हात पुढे केला. “मना बी भर. वरमाय हाय मी.”

चाचांनी तिचा हात उलटा करून नखं बघितली आणि विचारलं, “हे हात दिवसभर काय करतात?”

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. माझा हात नवऱ्याच्या हातात दिला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की तो हात ओलाचिप्प आहे.  निसटत होता. मला वाटलं, बिचारा घाबरून घामेजला असेल, आणि मी तो घट्ट धरून ठेवला.

आदल्या दिवशी काय झालं ते त्यानं मला लग्नानंतर, सवडीनं सांगितलं. मांडवात दहा-बारा पुरुष बसले होते, पत्ते चालले होते. एक रंगीत नखांचा म्हातारा सायकलवरून उतरला आणि म्हणाला, नवरा कोण, हात दाखव. सगळे हसले. चाचांनी त्याला खाली बसवलं, नवरीचा धरतात तसा त्याचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं. नखं पिवळी, कडा फाटलेल्या, तळव्याची साल निघालेली. मित्र म्हणाले, चाचा, ह्याला बी चुडा भरता का? चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही. घरातून खोबरेल मागवलं आणि त्याच्या हाताला चोळत राहिले. उद्या लग्नातही हातावर तेल असू दे, म्हणाले. कामावर जाताना आधी तेल लावायचं म्हणजे रंग आत धरत नाही, सुटल्यावर तेलानंच पुसायचं आणि साबणानं धुवायचं, पिंपावर असशील तोवर डबा चमच्यानं खायचा, आणि जमेल तितक्या लवकर साहेबाकडे जाऊन दुसरं काम मागायचं. हे सगळं त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

“मी म्हनालो, चाचा, चुकलो, रंग तिला द्यायला नको होता,” नवरा मला सांगत होता. “तर ते म्हनाले, तिचे हात बघायला सगला गाव हाय. तुजे कोन बघतं?”

हे सांगताना तो हसत होता, पण मध्येच थांबला. त्याचे हात तोवर खरंच कोणी बघितले नव्हते. त्यानं स्वतःही नाही.

चमच्यानं डबा खाल्ला म्हणून त्याला कामावर वर्षभर ‘साहेब’ म्हणून चिडवत होते. मग त्यानं बोलून पॅकिंगला बदली घेतली. चाचा पुढेही बरीच वर्षं सानपाड्याला यायचे. आमच्या दारात सायकल लावली की माझ्याआधी त्याला हाक मारायचे आणि तोही, असेल तिथून, हात पुढे करत बाहेर यायचा. पुढे इकडे दुकानं झाली, त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि मग बंद झाल्या. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी तो कामावरून आला की चहाच्या आधी हात. पुढून, मागून, मग नखं. कारखाना सुटून आता कितीतरी वर्षं झाली, बघण्यासारखं काही उरलेलं नाही, मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही. तरी दिवे लागले की तो माझ्याजवळ येऊन बसतो, दोन्ही हात पुढे करतो, आणि मी चष्मा शोधायला लागते.